सगुणाबाईंच्या हाताचं यश

ट्रेनिंगचं पत्र आलं की सगुणाबाई सिस्टर ते पुरतं वाचायच्यासुद्धा नाहीत. "पाठवा भुजंगला," एवढं म्हणायच्या आणि हातातलं काम पुढं चालू.

पोखर्णीच्या रस्त्यानं जाताना एक फाटा लागतो, तिथून आत गेलं की त्यांचं आरोग्य केंद्र. तिथली ही रीतच होती. परभणीला ट्रेनिंग निघालं की ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही त्याला धाडायचं. कामाचा माणूस कामावर पाहिजे, रिकामा माणूस ट्रेनिंगला. डॉक्टर आले, बदलून गेले, पण ही रीत काही बदलली नाही. आणि भुजंगसारखा रिकामा माणूस सगळा तालुका पालथा घातला असता तरी सापडला नसता. नावाला आरोग्य सेवक. तापाच्या माणसाचं रक्त तपासायला घ्यायचं म्हणून गावात निघायचा, पारावर बसून चहा प्यायचा आणि परत यायचा. असा हा गडी क्षयरोगाचं शिकून आला, कुष्ठरोगाचं शिकून आला, साप चावल्यावर काय करायचं ते शिकून आला, आणि एकदा तर बाळंतिणीचं रक्त कसं थांबवायचं तेही शिकून आला. बाळंतपणाच्या खोलीच्या उंबऱ्याला ज्याचा पाय कधी लागला नाही, तो!

"काय शिकलास रे?" सगुणाबाईंनी विचारलं.

"लय भारी होतं बाई. मंगल कार्यालयात ठेवलं होतं. जेवणात बालूशाही होती."

"आन् रक्त कसं थांबवायचं म्हणले?"

"त्याचे फोटो दाखवले की पडद्यावर. मी मागं बसलो होतो, पंख्याखाली."

सगुणाबाई अशा हसल्या की दुसरा कुणी असता तर त्यानं आठ दिवस तोंड दाखवलं नसतं. भुजंगला त्याचं काय! प्रत्येक ट्रेनिंगला मिळालेली बॅग तो घरी न्यायचा आणि त्याची बायको त्यात तूरडाळ भरून ठेवायची. सरकारनं त्याच्या डोक्यात जे भरायचं ठरवलं होतं, त्याच्या जागी शेवटी डाळ भरली गेली. निदान ती तरी शिजली.

एकदा तो लेकरांना श्वास देण्याच्या ट्रेनिंगहून आला तर हातात एक खोकं. त्यात रबराची फुग्यासारखी पिशवी आणि तिच्या तोंडाला लेकराच्या नाकातोंडावर बसेल एवढी वाटी.

"हे काय आणलंस?"

"लेकरू रडलं न्हाई तर ह्यानं हवा द्यायची म्हणे."

"कशी?"

भुजंगनं पिशवी दोनदा दाबून आपल्याच गालावर वारं घेतलं. "अशी."

"ठेव तिकडं," सगुणाबाई म्हणाल्या. महागाची वस्तू, कुणी खराब केली तर सही आपली. त्यांनी ते खोकं बाळंतपणाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

स्वतः सगुणाबाई ट्रेनिंगला एकदाच गेल्या होत्या, नोकरीला नव्या लागल्या तेव्हा. वेळेवर जाऊन बसल्या तर पाहुण्यांचाच पत्ता नाही. पाहुणे आले तसं दिवा लावणं झालं, मग ह्यांच्या हातून त्यांचा सत्कार, त्यांच्या हातून ह्यांचा सत्कार. शिकवणारे साहेब पडद्यावरचं इंग्रजी पडद्याकडंच तोंड करून वाचत होते आणि खाली बाया साड्यांचे काठ बघत होत्या. जेवणं झाल्यावर लोक एस.टी. गाठायला पळतील म्हणून सर्टिफिकेटं आधीच वाटून टाकली. दिवसभरात कुणाला साधी सुई टोचून दाखव म्हणलं नाही. शेवटी बॅनर धरून फोटो काढला आणि गंगेत घोडं न्हालं. तेव्हाच सगुणाबाईंनी कानाला खडा लावला.

आता तर ट्रेनिंग मोबाईलमध्येच येतं. आवाज बंद करून मोबाईल खिडकीत ठेवायचा. तिकडं व्हिडिओ चालतोय, इकडं बाई कणीक मळतेय. शेवटी प्रश्न येतात, पण त्यांची उत्तरं ग्रुपवर आधीच येऊन पडलेली असतात. टिक करत गेलं की मोबाईल 'अभिनंदन' म्हणतो. कशाचं अभिनंदन? कणीक मऊ झाली म्हणून?

तेव्हा सगुणाबाई ह्या सगळ्यावर थुंकायच्या त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. होतंच ते थुंकण्यालायक. चुकलं ते पुढं. ट्रेनिंग भिकार आहे म्हणजे आपल्याला शिकायचं काही उरलंच नाही, असा त्यांनी हिशेब लावला. मला कधी पाठवत नाहीत कारण माझ्यावाचून अडतं, हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. मेडल मिळाल्यासारखं सांगायच्या.

आणि खरंच, त्यांच्यावाचून अडायचं. हात असा की आडवं लेकरू नुसत्या पोटावरून ओळखणार. गंगाखेडच्या बाजूनं बाया नाव काढत यायच्या. 'सगुणाबाईंच्या हाताला यश हाय' हे वाक्य पंचक्रोशीत इतकं फिरलं होतं, की स्वतः सगुणाबाईंचाही त्याच्यावर पुरता विश्वास बसला होता.

हा हात आला होता बापाकडून. माहेरी मेंढरं. बाप कळप घेऊन रानोमाळ हिंडायचा. मेंढी व्याली आणि कोकरू गळाठलेलं निघालं की तो त्याचे मागचे पाय धरून उलटं करायचा, दोन झोके द्यायचा, पाठीत थाप मारायचा. नाकातोंडातला चिकटा गळून पडायचा आणि कोकरू 'बें' करायचं. लहानपणी सगुणाबाईंनी हे किती वेळा पाहिलं त्याला मोजदाद नाही. पुढं नर्स झाल्या आणि पहिल्यांदा माणसाचं लेकरू न रडता हातात आलं, तेव्हा हातानं आपोआप तेच केलं. पाय धरून उलटं, पाठीत थापा, तोंडावर गार पाण्याचा हबका. लेकरू रडलं. झालं, तिथून पुढं तेच शास्त्र! "कोकरू काय आन् लेकरू काय, नाकात दोघांच्याबी शेंबूडच," म्हणायच्या.

बहुतेक लेकरं रडायची. काही नाही रडायची. मग सगुणाबाई हात धुवायच्या, पदरानं पुसायच्या, बाहेर येऊन खाली बघत म्हणायच्या, "देवाच्या मनात नव्हतं." बाहेरची माणसं हात जोडायची. देवाला नोटीस कोण देणार?

गावातल्या केवळाबाईच्या वेळी असंच झालं. दीड एकराचा धनी, लग्नाला बरीच वर्षं होऊन राहिलेलं ते एकच मूल. रडलं नाही. त्यानंतर केवळाबाईची कूस पुन्हा उजवली नाही. लेकरासाठी शिवून ठेवलेली कुंची तिनं दुसऱ्या एका बाळंतिणीला दिली, आणि पुढं सवयच लागली. केंद्रात लेकरू झालं की केवळाबाई कुंची शिवून आणणार. आणि प्रत्येक वेळी सांगणार, "माझ्या टायमालाबी सिस्टरनी लय केलं." ते ऐकायला सगुणाबाईंना बरं वाटायचं.

मग त्या केंद्रात राजेश्री आली. कंत्राटी नर्स, परभणीची, बारीक अंगाची, बोलताना खाली बघणारी. आल्या आल्याच सगुणाबाईंनी तिला मलमपट्टीचं गॉज कापायला बसवलं. लेकरांना श्वास देण्याच्या ट्रेनिंगचं पत्र पुन्हा आलं तेव्हा सगुणाबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "पाठवा भुजंगला." पण भुजंगच्या मेव्हणीचं लग्न होतं. मग त्याच्या खालोखाल रिकामं कोण? राजेश्री. गेली ती.

आली ती बॅग घेऊन आलीच, पण बगलेत एक रबराची बाहुलीही होती. शिकवणाऱ्या मॅडमच्या मागं लागून तिनं ती सरावाला मागून आणली होती. मॅडमला बहुधा पहिल्यांदाच कुणी काही मागितलं असेल. बालूशाही सोडून.

राजेश्रीनं कपाटातली ती पिशवी मागितली. सगुणाबाईंनी नाक मुरडत किल्ली दिली. तेव्हापासून दुपारी गर्दी ओसरली की ही पोरगी बाहुलीच्या तोंडावर वाटी दाबून बसायची आणि पुटपुटायची, "दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड." बाहुलीची छाती वर आली की हिचा चेहरा फुलायचा.

"रडली का गं तुझी भावली?" सगुणाबाई विचारायच्या. सगळे खदखदा हसायचे. भुजंगसुद्धा! ज्यानं पंख्याखाली बसून सगळा जन्म घालवला तो भुजंगसुद्धा हसायचा. तिचं नावच पडलं, भावलीवाली सिस्टर.

एकदा तिनं धीर करून सांगितलं, "बाई, लेकराला उलटं धरायचं नसतं म्हणतात. मारायचंबी नसतं, गार पाणीबी न्हाई. कोरडं करायचं, ऊब द्यायची, मान जराशी मागं आन् पिशवीनं श्वास. पयल्या मिनिटातच."

सगुणाबाईंचा पारा चढला. "अगं, तू पाळण्यात होतीस तवापासून मी लेकरं रडवायलेय. दोन दिवस बालूशाही खाऊन आलीस आन् मला शिकवायलीस व्हय?"

"बाई, मी तसं न्हाई..."

"तसं न्हाई आन् असं न्हाई. मी खोलीत असताना तुझी भावली दारातबी दिसली न्हाई पाहिजे."

पिशवी पुन्हा कपाटात गेली आणि किल्ली पुन्हा कमरेला. राजेश्री नुसत्या हातानं हवेत दाबत बसायची. दाब, सोड, सोड.

त्याच सुमाराला सगुणाबाईंची लेक दीपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई भागवत गंगाखेडला साखर कारखान्यात. तो दबकत म्हणाला, "मामी, पयली खेप हाय. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवावं का?"

"कामून? माझ्या हाताला काय झालं? सगळ्या मुलखाच्या लेकी मी सोडवल्या आन् माझी लेक दुसऱ्याच्या दारात नेऊ?"

भागवतनं दीपिकाचं सामान आत नेऊन ठेवलं. जावई असला म्हणून काय झालं, सगुणाबाईंपुढं डॉक्टरही आवाज खाली करायचे.

दीपिकाला कळा सुरू झाल्या आणि लांबतच गेल्या. डॉक्टर मीटिंगला परभणीला गेलेले. सगुणाबाई डगमगल्या नाहीत. "दम धर माय, दम धर, आता येतंय बग," असं म्हणत त्यांनी लेकीला सोडवलं. मुलगी झाली. निळसर, गळाठलेली, ओल्या फडक्यासारखी. रडली नाही.

सगुणाबाईंनी पाय धरले, उलटी केली, पाठीत थाप मारली. काही नाही. पाण्याचा हबका मारला. काही नाही. पुन्हा थाप. इवलासा हात खाली लोंबत होता तो नुसता हलला, तोही थापेच्या धक्क्यानं.

"आई, रडायली का न्हाई?" दीपिकानं मान उचलून विचारलं. "आई, बोल की. का रडायलं न्हाई माझं लेकरू?"

सगुणाबाईंचं तोंड उघडलं. आणि आत काय तयार होतं, सांगू? 'देवाच्या...' उभ्या हयातीत इतक्या वेळा बोललेलं ते वाक्य सवयीनं जिभेवर येऊन उभं राहिलं होतं. स्वतःच्या नातीसाठी! सगुणाबाईंना स्वतःच्याच जिभेची किळस आली. दुसऱ्याच्या लेकीला जे सहज सांगून टाकलं, ते आपल्या लेकीच्या तोंडावर त्यांना सांगवेना.

दार धाडकन उघडलं. राजेश्री. आज ती खाली बघत नव्हती.

"लेकरू इकडं द्या."

सगुणाबाई तशाच उभ्या.

"द्या म्हणते ना! आन् कपाट उघडा."

तिनं लेकरू हातातून ओढूनच घेतलं, टेबलावर निजवलं, कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसलं. सगुणाबाईंनी कमरेला हात घातला. ओल्या हाताला किल्ली सापडेना, सापडली तर कुलपात जाईना. "बाई, लवकर!" कुलूप निघालं. खोकं पुढं आलं. राजेश्रीनं लेकराची मान नीट केली, वाटी नाकातोंडावर बसवली आणि सुरू केलं. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड.

लेकराची छाती वर आली. सगुणाबाईंनी ती बघितली. ज्याच्यावर त्या रोज दुपारी हसल्या होत्या, तेच सगळं त्याच पुटपुटण्यासकट समोर चाललं होतं. निळा रंग ओठाभोवती अडून बसला, मग गुलाबी झाला. लेकरानं तोंड वेंगाडलं, एक उचकी दिली आणि टाहो फोडला.

दीपिका रडायला लागली.

लेकराला गाडीनं परभणीला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, चार दिवस ठेवून घेतलं, सगळं नीट म्हणाले. इकडं भुजंग येईल त्याला सांगत होता, "त्या ट्रेनिंगला मीच जाणार होतो. लग्न निघालं म्हणून राजेश्री गेली." तो हे बढाई म्हणून सांगत होता! ते ऐकलं की सगुणाबाई मनात हिशेब करायच्या. मेव्हणीच्या लग्नाची तारीख मागंपुढं झाली असती तर आपली नात गेली असती. आणि 'पाठवा भुजंगला' कुणी म्हटलं होतं? आपणच. भुजंगला हसायची आपली लायकी उरली नाही, हे त्यांना चांगलंच कळलं. तो शिकला नाही म्हणून त्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. तो बिचारा नुसता बालूशाही खायचा.

लेकरू घरी आल्यावर गाव लोटलं. पेढ्याचा पुडा पुढं ठेवून जो तो तेच म्हणायला लागला, "सगुणाबाईंच्या हाताला यशच तसं." सगुणाबाई मान हलवायच्या. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सांगणार होत्या, प्रत्येक वेळी सांगणार होत्या, पण तोंडात पेढा असायचा.

मग केवळाबाई आली. पदराखालून हिरव्या खणाची कुंची काढली, कडेला लाल गोंडे लावलेली. जमिनीवर बसून म्हणाली, "सिस्टर, तुमची नात तुमच्याच हातानं वाचली, लय झालं बगा. माझ्या टायमाला तुमी काय कमी केलं व्हतं? देवाच्याच मनात नव्हतं."

सगुणाबाईंच्या तोंडात पेढा होता. तो त्यांनी हातावर काढला.

"केवळाबाई, देवाला मधी घेऊ नका."

"म्हंजी?"

"तुमच्या लेकराला मी उलटं धरलं, मारलं, गार पाणी मारलं. हिलाबी तेच केलं. ही त्यानं रडली न्हाई. राजेश्रीनं पिशवीनं हवा दिली तवा रडली." एवढं बोलून थांबता आलं असतं. पण त्या थांबल्या नाहीत. "ती पिशवी तुमच्या टायमालाबी व्हती. त्याच खोलीत. कपाटाला कुलूप व्हतं आन् किल्ली माझ्या कमरेला. कशी वापरायची ते शिकायला मी भुजंगला धाडलं व्हतं."

मांडीवरच्या कुंचीचे गोंडे केवळाबाई एकेक करून सरळ करत होती. सगुणाबाईंना वाटलं, आता ही शिव्या देईल. देऊ दे. थोबाडीत मारेल. मारू दे.

"माझं वाचलं असतं म्हणा की," केवळाबाई शेवटी म्हणाली.

"वाचलं असतं. कदाचित."

"आता येतं का तुमाला ते?"

"काय?"

"हवा देयाचं."

सगुणाबाईंनी हातातल्या पेढ्याकडं बघितलं. "न्हाई," त्या म्हणाल्या.

"मंग हितं पेढे काय खायलाव?" केवळाबाई उठली. "जावा की. शिका त्या पोरीकून."

ती दीपिकाच्या बाजेजवळ गेली, लेकराला मांडीवर घेतलं, कुंची घालून हनुवटीखाली बंद बांधला आणि त्याच्या पायाची बोटं धरून त्याच्याशी बोलत बसली. सगुणाबाईंकडं तिनं पुन्हा बघितलं नाही.